चार बोटं वर

माझ्या कमरेबद्दल जगात सगळ्यात जास्त माहिती माझ्या ड्रायव्हरला आहे. बायकोचा नंबर त्याच्या खालोखाल, डॉक्टरांचा त्याच्याही नंतर. आईला मात्र चार वर्षं काहीच माहीत नव्हतं, आणि ही व्यवस्था मीच केली होती.

मी गुरुग्रामच्या एका कंपनीत आहे. उसाच्या गाड्या ज्यांवर तोलतात ते मोठे वजनकाटे आम्ही बसवतो आणि सांभाळतो. मूळचा सांगलीकडचा, त्यामुळे ऊस आणि साखर कारखाना सोडून दुसरं काही मला येत नाही. नोव्हेंबर ते एप्रिल हंगाम. त्या काळात शामली, मुझफ्फरनगर, यमुनानगर, रुद्रपूर असा माझा फेरा चालू असतो. महिन्यातले वीस दिवस मी गाडीत तरी असतो, नाहीतर काट्यावर. काट्यावर उभं राहायला माझी ना नाही, उभा मी दिवसभर राहीन. मला जमत नाही ते बसणं. मणक्यातली गादी सरकली आहे, असं हाडांचे डॉक्टर फोटो उजेडात धरून म्हणाले. पुढे म्हणाले, "प्रवास टाळा." मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रुद्रपूरला निघालो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ आमच्या घराण्यात भरपूर आहे.

हळूहळू माझं एक तंत्र बसलं. पाकीट मागच्या खिशातून पुढच्या खिशात आलं. कमरेमागे गुंडाळलेला टॉवेल आला. बुटांच्या नाड्या गेल्या. शिंक येणार असं वाटलं की आधी भिंत धरायची. हॉटेलातली मऊ गादी उचलवत नाही म्हणून तिला तिथंच ठेवून आपण खाली चादरीवर झोपायचं. सकाळी खोली आवरायला येणारा माणूस ती न विस्कटलेली गादी बघून काय समजत असेल देव जाणे. आणि दर तासाला गाडी थांबवून गाडीभोवती पाच प्रदक्षिणा. हे शेवटचं ड्रायव्हरनं स्वतःच्या अंगावर घेतलं आहे. तो रोहतककडचा, मिशाळ, साधारण माझ्याच वयाचा. आरशात माझं तोंड जरा वाकडं दिसलं की गाडी धाब्यावर घेतो आणि म्हणतो, "सर, चलो, कमर सीधी कर लो." धाब्यावर खाटा असतात आणि त्यांवर ताटं ठेवायला आडवी फळी टाकलेली असते. ती फळी तो लांबीने माझ्या पाठीखाली सरकवतो. चहा पिणारे लोक बघतात. मी आकाश बघतो.

आईला न सांगण्याचं कारण वडील. त्यांचं अंग लुळं पडलं आणि नऊ वर्षं ते अंथरुणावर होते. त्यांना कुशीवर वळवणं, पुसणं, उठवून बसवणं हे सगळं आईनं एकटीनं केलं. त्यात तिचे गुडघे गेले. वडील गेल्यावर मी तिला गुरुग्रामला आणलं आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, "आई, आता तू फक्त बसून राहायचं. कुणाचं काही करायचं नाही." तेव्हा माझं दुखणं दोन वर्षांचं झालं होतं. घरात दुसरा रुग्ण तयार आहे हे मी तिला कुठल्या तोंडानं सांगणार? बायकोलाही मी गप्प राहायला लावलं. ती म्हणाली, "चूक करतोयस. त्या काय लहान आहेत?" बायको म्हणते ते बहुतेक वेळा खरं असतं, पण मला ते वेळेवर पटत नाही.

अकराव्या मजल्यावरच्या त्या घरात आई जेमतेम वर्षभर राहिली. खाली बागेतल्या बाकावर सोसायटीतल्या बायका जमायच्या. आई त्यांच्यात बसून सगळ्याला "अच्छा, अच्छा" म्हणायची आणि वर येऊन आम्हाला विचारायची, त्या नक्की काय म्हणत होत्या. चारेक महिन्यांत तिला हिंदी चांगलं कळायला लागलं, बोलता मात्र आलं नाही. दिवसभर ती माझी वाट बघायची. दौऱ्यावरून मी येणार त्या संध्याकाळी भरली वांगी, ज्वारीची भाकरी आणि टेबलावर दोन ताटं. बायकोला ऑफिसातून यायला उशीर व्हायचा, म्हणून आमच्या दोघांचीच.

पाच तास गाडीत बसून आलेल्या माझ्यासारख्याला ती खुर्ची वैऱ्यासारखी दिसायची. मी ताट उचलायचो आणि ओट्यापाशी उभा राहून जेवायचो.

"बस की जरा," आई म्हणायची.

"घाई आहे गं. रिपोर्ट पाठवायचाय."

आमच्या घरात उभ्यानं जेवत नाहीत. उभ्यानं पाणीसुद्धा पीत नाहीत. दारात आलेला माणूस टेकला नाही तर तो आला असं आई धरतच नाही. पोस्टमनला, मीटर बघायला आलेल्यालाही ती "बसा" म्हटल्याशिवाय सोडायची नाही. जो बसत नाही त्याला निघायचं असतं, असा तिचा साधा हिशोब. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी जगातल्या सगळ्या थापा सोडून मी "घाई" हीच थाप निवडली.

सुरुवातीला ती रोज "बस" म्हणायची. मग कधीतरी म्हणायची. मग म्हणेनाशी झाली. दिवाळीनंतर टेबलावर दोन ताटं दिसेनाशी झाली. माझं एक ताट ओट्यावर झाकून ठेवलेलं असायचं आणि ती आधीच जेवलेली असायची. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं. आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मार्चमध्ये ती म्हणाली, "मला धाकट्याकडे सांगलीला पोचव. इथं करमत नाही." मी ते शब्दशः खरं मानलं.

निजामुद्दीन स्टेशनवर मी आणि बायको तिला सोडायला गेलो, त्याच्या आदल्याच दिवशी मी शामलीहून आलो होतो. कंबर धरली होती, पायात मुंग्या होत्या. तिच्या एवढ्याशा पिशवीला मी हमाल केला. ती माझ्याकडे बघत राहिली. डब्यात तिची जागा सापडली, पिशवी सीटखाली गेली, पाण्याची बाटली दिली. मग निरोपाची वेळ आली. गावचं घर सोडताना आईच्या पाया न पडता मी आयुष्यात कधी निघालो नव्हतो. वडिलांशी कडाक्याचं भांडण करून निघालो होतो तेव्हाही वाकलो होतो. त्या दिवशी मी वरच्या बर्थचा दांडा धरून उभा राहिलो. वाकलो असतो तर अख्ख्या डब्यासमोर ओरडलो असतो.

आईनं चपलांतून पावलं बाहेर काढून ठेवली होती.

मी तिचे हात हातात घेतले, "फोन कर" वगैरे काहीतरी बोललो. तिनं पावलं हळूच चपलांत सरकवली आणि म्हणाली, "असू दे. घाई असेल तुला."

बायको खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

त्यानंतर मला आईची जशी आठवण यायला लागली तशी वडील गेल्यावर त्यांचीही आली नव्हती. माणूस आपल्यातून जातो तेव्हा निदान इलाज नसतो. इथं माणूस फोनच्या पलीकडे होतं आणि तरी मिळत नव्हतं. शामलीच्या वाटेवर गुऱ्हाळं लागतात. काहिलीतल्या रसाचा वास गाडीत शिरला की वाटायचं, तिला फोन करावा. करायचोही. ती विचारायची, "बरा आहेस ना?" मी म्हणायचो, हो. "घाईत असशील, ठेवते," असं म्हणून ती फोन ठेवायची. कितीही निवांत असलो तरी ठेवायची. घरी ओट्यापाशी जेवताना समोर तिची खुर्ची रिकामी असायची आणि मला कुणीतरी "बस" म्हणावं असं वाटायचं. खरंच इतकंच वाटायचं.

पुढच्या डिसेंबरात यमुनानगरहून परतताना मुरथलच्या अलीकडे मी खाटेवर असाच आडवा होतो. दुपारची वेळ. आईचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या बोटानं चुकून लागला होता, पण मी उचलला. तिला माझं तोंड दिसलं आणि मागे सुतळीची वीण.

"भर दुपारी झोपलायस? ताप आहे का?"

मी "काही नाही गं" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात चहा घेऊन आलेला ड्रायव्हर फोनमध्ये वाकून मोठ्यानं म्हणाला, "माताजी, नमस्ते! बुखार नहीं है, साहब की कमर फिर पकड़ गई. चार साल से ऐसे ही लेट-लेट के चल रहे हैं."

आईला हिंदी कळतं हे मी आधी सांगितलंच आहे.

"चार वर्षं," ती म्हणाली. "म्हणजे मी तिथं होते तेव्हा?"

"हो."

"ते उभ्यानं जेवायचास, ते?"

"बसवत नव्हतं, आई."

"आणि स्टेशनवर?"

मी डोळ्यांवर हात घेतला.

"नऊ वर्षं मी एक माणूस उलटापालटा केलाय," ती एकदम चिडून म्हणाली. "मला कंबर कळली नसती होय रे? मूर्खा, मला वाटलं मी नकोशी झाले. वर्षभर तेच वाटत होतं."

मी रडलो. उताणं पडून रडलं की पाणी कानात जातं, हे मला त्या दिवशी समजलं. ड्रायव्हर चहाचे दोन्ही ग्लास घेऊन गाडीकडे निघून गेला.

तेव्हापासून संध्याकाळी घरी असलो की आम्ही फोनवर एकत्र जेवतो. मी ओट्यापाशी, फोन डब्याला टेकवून. पहिल्या दिवशी बघतो तर तीही तिकडे ओट्यापाशी ताट घेऊन उभी. ते गुडघे घेऊन. मी म्हटलं, "आई, तू तरी बस."

"तू बसलास की बसेन," ती म्हणाली. फार भांडल्यावर ती बसली, पण वाढून घेताना आधी एक घास उभ्यानं खाते. अजून खाते.

मला तिच्याकडे जायचं होतं. उन्हाळ्यात जाणार होतो, तर डॉक्टरांनी सहा आठवडे अंथरुणात टाकलं. नंतर व्यायाम शिकवणाऱ्या बाई नेमल्या. त्यांनी विचारलं, तुम्हाला नक्की काय करता यायला हवंय? लोक गाडी चालवणं, ऑफिसात बसणं असं सांगत असावेत. मी म्हटलं, वाकून नमस्कार करता आला पाहिजे. त्या हसल्या नाहीत. दर आठवड्याला मी गुडघे न वाकवता बोटं खाली नेतो आणि त्या बघतात कुठवर पोचली. जूनमध्ये गुडघ्याच्या जरा खाली. ऑगस्टमध्ये नडगीच्या मध्यावर. ऑक्टोबरपर्यंत घोट्यापाशी आलो आणि तिथंच अडकलो. गुडघे वाकवून जा की, असं बायको म्हणते. पण तसं खाली गेलो तर मला दुसऱ्यानं उठवावं लागतं, आणि आईला माणूस उठवायला लावायचं नाही, एवढं एक मी धरून आहे. पूर्ण वाकता आल्याशिवाय जायचंच नाही, असंही मनाशी ठरवून बसलो होतो. हे मात्र मी या वेळी आईला सांगितलं. तेवढं शिकलो होतो.

"कुठवर येतात बोटं?" तिनं विचारलं.

"पावलांच्या चार बोटं वर राहतात. पुढं सरकतच नाहीत."

ती "बरं" म्हणाली आणि भाकरी मोडायला लागली. मला वाटलं विषय संपला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं स्वतःहून व्हिडिओ लावला. आधी छत दिसलं, मग भिंत, मग फोन खाली वळला. तिनं देवघरापुढचा पाट ओढून घेतला होता आणि भिंतीला धरून ती त्यावर चढून उभी होती. पाटावर तिची अनवाणी पावलं दिसत होती, जुळवून ठेवलेली.

"एवढं पुरेल का बघ," तिचा आवाज आला.

"पुरेल," मी म्हणालो.

"मग ये."