तिसरी पिन

जेवणानंतरची झोप तबिताला कधी मानवत नाही. आज मात्र चर्चहून आल्यावर मम्मीनं वाढलेला मटण-भात अंगावर आला आहे, आणि ती पुढच्या खोलीतल्या दिवाणावर पाठ टेकते. जरा वेळच, असं स्वतःला बजावते. संध्याकाळी गुगळेशेठच्या दुकानात जायचं आहे. शेठनं गिटारचा आवाज मोठा करणारे दोन अँप तिच्यासाठी बाजूला काढून ठेवलेत, एक मोठा आणि एक लहान. त्यातला कुठला घ्यायचा हे आज ठरलंच पाहिजे, कारण शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये बँड पुन्हा उभा राहणार आहे आणि लीड गिटार तिला वाजवायची आहे, भावाच्या जागी.

भावाचा, आमोसचा, जुना काचेच्या व्हॉल्व्हचा अँप कोपऱ्यात चादरीखाली उभा आहे. उद्या भंगारवाला तो घेऊन जाईल. "ज्यानं माझं पोर खाल्लं ते घरात नको," एवढंच मम्मी म्हणाली, आणि तबितानं वाद घातला नाही. वाद घालायला तिच्याकडे फक्त भौतिकशास्त्र होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती पोरांना वीज शिकवते, उघड्या तारा शांतपणे हाताळते. पण आमोस गेल्यापासून तिनं स्वतःची गिटार एकदाही विजेला जोडलेली नाही. ती तशीच वाजवते, न जोडता. डब्यात माशी अडकावी तेवढाच आवाज येतो.

पंखा फिरतो आहे. त्याची भुणभुण कानाशी येते, मग कानाच्या आत. घरोघरी विजेचा हाच एक सूर असतो, खर्जातला, पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी अडकलेला. ती डोळे मिटून तो ओळखते, आणि ओळखताक्षणी तो थांबतो.

पंखा फिरतोच आहे. फक्त आवाज गेला आहे.

"चप्पल काढ," आमोस म्हणतो. "दुकानात चपला घालून येतात होय?"

तो गुगळेशेठच्या काउंटरवर बसला आहे, पाय अनवाणी. गिटारची पेडलं पायानं नीट दाबता यावीत म्हणून तो नेहमी बूट काढूनच वाजवायचा. उजवा हात मनगटापासून खाली लोंबतो आहे. तो मेलेला आहे हे तिला ठाऊक आहे, त्यालाही ठाऊक आहे, आणि त्यावर बोलावं असं दोघांनाही वाटत नाही. बोलताना त्याच्या गालात काहीतरी दातांवर आपटतं. सुपारी असावी.

"हाताचं काय झालं, दादा?"

"तूच मोडलास की. विसरलीस?"

शेठ पाठमोरे उभे राहून मोठा अँप फडक्यानं पुसताहेत. ते वळत नाहीत.

"मोठा घेऊ का?" ती विचारते. "शंभर वॅटचा आहे."

"कॉलेजात पोरांना काय शिकवतेस गं तू? दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज?"

"नाही. जेमतेम कळण्याइतका वाढतो."

"मग? आवाज चढवून व्हॉल्व्हच्या छाताडावर बसावं लागतं, तेव्हा कुठं तो गातो. हॉलमध्ये ह्याच्या छाताडावर बसलीस तर पास्टरांच्या कानांतून रक्त येईल. आणि नाही बसलीस तर हा आपला झोपलेला." तो काउंटरवरून उतरतो आणि मोठ्या अँपच्या तोंडावर लाथ घालतो. अँप मागच्या भिंतीवर जाऊन आदळतो. आतले व्हॉल्व्ह एकेक करून फुटतात, काचेच्या बांगड्या पिचाव्यात तसे. तो पुन्हा लाथ घालतो, फळी मोडेपर्यंत.

"फुटू द्या, ताई," शेठ पाठमोरेच म्हणतात. "डेमो पीस आहे."

तबिता लहान अँप पोटाशी धरते. "हा घेते मी. ट्रान्झिस्टरचा आहे. गरम व्हायची वाट बघायला नको, पडला तरी काही होत नाही, आणि कमी आवाजातही सूर तोच राहतो."

"सगळं खरंय," आमोस म्हणतो. "हळू वाजव, चिडून वाजव, रडत वाजव, ह्याचा चेहरा तोच. असला नवरा केला असतास तर मी लग्नात जेवलो नसतो." तो तिच्या हातातून अँप हिसकतो, जमिनीवर टाकतो आणि त्याच्यात टाच घुसवतो. जाळी फाटते, स्पीकरचा कागद फाटतो. टाच वर येते तेव्हा तिला तारा रुतल्या आहेत आणि रक्त दुकानाच्या फरशीवर टपटपतं आहे.

"आता राहिला एकच," तो म्हणतो.

फरशी ओली आहे. फरशीच्या सांध्यांतून गवत वर आलं आहे, आणि आता फरशी नाहीच, सगळं गवतच आहे, नुकतं पाणी मारलेलं. हा लग्नाच्या रिसेप्शनचा लॉन आहे. लोखंडी खुर्च्यांना पांढरी कव्हरं घातली आहेत, मागे गुलाबी फिती बांधल्या आहेत. माणूस एकही नाही. स्टेजवर आमोसचा अँप उभा आहे, चादरीशिवाय, लाल दिवा लागलेला. तो भुणभुणतो आहे.

त्या दिवशीही तो असाच भुणभुणत होता. माईकची वीज एका खांबावरून आलेली, अँपची दुसऱ्या, आणि दोन्हींच्या अर्थिंगच्या भांडणात स्पीकर कण्हत होता. आमोसनं पक्कड घेतली आणि अँपच्या प्लगमधली तिसरी पिन उपटून काढली. तीच, वरची, जाड, अर्थिंगची. भुणभुण गेली, वाजवणारे सगळे खूश झाले. अँपच्या आत एक तार सुटून पत्र्याला टेकलेली होती, हे कुणाला माहीत असणार? पिन असती तर तिथली वीज जमिनीत गेली असती आणि फ्यूज उडाला असता. पिन नव्हती. वीज केबलमधून गिटारच्या तारांपर्यंत येऊन वाट बघत बसली. आमोस गायला पुढे झुकला आणि त्याचा ओठ माईकला लागला.

"ऐक कसा कण्हतोय," आमोस म्हणतो. त्याच्या डाव्या हातात पक्कड आहे.

"दादा, नको."

"गप."

ती त्याचा हात धरते. तो तिला वेणीला धरून खाली पाडतो आणि वाकून पिन उपटतो, दात काढावा तशी. लॉनवर शांतता पसरते. तिला ती शांतता ओळखू येते. तो गिटारचा पट्टा दावं अडकवावं तसा तिच्या गळ्यात घालतो, तिची बोटं तारांवर दाबतो आणि मानगूट धरून तिचं तोंड माईकवर आपटतो.

ती बोटं सोडवू शकत नाही. हे ती दर वर्षी फळ्यासमोर उभी राहून सांगते. मूठ वळणारे स्नायू मूठ उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा बळकट असतात, म्हणून तार माणसाला धरत नाही, माणसाचा हातच तिला धरून ठेवतो. आता तिचा हात हेच करतो आहे. जबडा मिटतो आणि जीभ मधे सापडते. तोंडात रक्त येतं, नाण्याच्या चवीचं. बरगड्या आतून कुणीतरी पिळतं आहे.

"असा होतो मी," आमोस तिच्या समोर उकिडवा बसून म्हणतो. "आणि तू स्टूल शोधत होतीस."

"लाकडी हवं होतं," ती दातांतून म्हणते. "बाकी खुर्च्या लोखंडी होत्या."

तो उठतो, कीबोर्डमागचं लाकडी स्टूल उचलतो आणि सगळ्या ताकदीनं तिच्या मनगटावर मारतो. ती गवतात फेकली जाते. श्वास परत येतो तो भाजत येतो.

"उशीर केलास," तो म्हणतो.

तबितानं आयुष्यात कुणावर हात उगारलेला नाही, एक तो दिवस सोडून, ह्याच स्टुलानं त्याचा हात तारांवरून सोडवला तो. आता ती उठते, स्टूल त्याच्या हातातून ओढून घेते आणि त्याच्या बरगडीत घालते. मग खांद्यावर. स्टुलाचा पाय मोडतो. ती तो मोडका पायच घेते आणि त्याच्या तोंडावर मारते. त्याचा ओठ फाटतो, आणि तो हसतो.

"पिन दे," ती म्हणते.

"कुठली पिन?"

"तुझ्या गालात आहे ती. मघापासून दातांवर वाजतेय."

तो तोंड मिटतो. ती त्याच्या छातीवर गुडघा रोवते.

"शनिवारी मी तुझाच अँप वाजवेन, दादा. हॉलला तोच बरोबर आहे. तेवढ्या जागेत त्याच्या छाताडावर बसता येतं. आतली तार मी जोडेन, पण पिनेशिवाय वाजवणार नाही."

"माझाच?" तो मिटल्या तोंडातून विचारतो. मघापासून पहिल्यांदाच त्याचा आवाज लहान झाला आहे. "भंगारवाल्याला नाही देणार?"

"पिन दिलीस तर."

"कण्हेल तो. लोक हसतील."

"कण्हू दे. मला तुझी ती शांतता नको."

तो मान फिरवतो. ती त्याचा जबडा उघडते आणि बोटं आत घालते. तो चावतो, हाडापर्यंत. ती बोटं बाहेर काढत नाही. दुसऱ्या हाताच्या मुठीनं ती त्याच्या कानशिलावर मारते, पुन्हा मारते, आणि एकाएकी त्याचे दात सैल होतात. रक्ताबरोबर पितळी पिन तिच्या तळव्यात येते, गरम.

आमोस गवतावर पडून वर बघत राहतो. वर आभाळ नाही, पुढच्या खोलीतला पंखा आहे, आवाज नसलेला.

"मम्मी धावत येत होती," तो म्हणतो. बोलताना आता काही वाजत नाही. "हात पसरून, मला धरायला. तुला दिसलं नाही, तुझी पाठ होती. तिच्या आधी पोचलीस तू."

"आणखी आधी पोचायला हवं होतं."

"तबे, तिला माझ्यापर्यंत यायला दोन पावलं उरली होती. मला धरलं असतं तर तीही सुटली नसती. मी बघत होतो ना." तो मोडका हात तिच्या डोक्यावर ठेवतो, जड, थंड. "आता ऊठ. बघ, पंखा वाजायला लागला."

पंखा भुणभुणतो आहे.

खोलीत उतरतं ऊन आलं आहे. तबिता दिवाणावर आहे, घामानं भिजलेली, जीभ चावलेली. उजवी मूठ घट्ट मिटली आहे आणि उघडत नाही. ती डाव्या हातानं एकेक बोट सोडवते. तळव्यात जाड पितळी पिन आहे, मधे पकडीच्या दातांचे ओरखडे उमटलेली.

"तबू, उठलीस का गं?" स्वयंपाकघरातून मम्मी विचारते. "चहा टाकलाय. शेठ वाट बघत असतील."

तबिता कोपऱ्यात जाऊन चादर काढते. अँपची वायर उलगडून प्लग हातात घेते. खाली दोन बारीक पिना, आणि वर रिकामं भोक. ती पिन त्यात सरकवते. पिन मुळापर्यंत जाऊन बसते.

"मम्मी," ती हाक मारते, "भंगारवाल्याला नको म्हणून सांग."

स्वयंपाकघरात कपबशीचा आवाज थांबतो.

"आणि स्क्रूड्रायव्हर कुठंय?"

मम्मी हात पुसत दारात येते.

"आमोसच्या डब्यात," ती म्हणते. "माझ्या कपाटात आहे. थांब, देते."