कार्डावरची पुसट रेघ

गोवंडीच्या दवाखान्यात मी एकवीस वर्षं लॅब टेक्निशियन होते. मंगळवारी गरोदर बायकांची तपासणी असायची. एचआयव्ही, सिफिलिससारख्या आजारांसाठी बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब कार्डावर टाकायचा, पंधरा मिनिटांनी रेघा बघायच्या. एक आली तर निगेटिव्ह, दोन आल्या तर पॉझिटिव्ह. दुपारपर्यंत इतकी कार्डं व्हायची की डोळे चुरचुरायला लागायचे.

मग आम्हाला एक फोन मिळाला. कार्डाचा फोटो काढला की तोच रेघा ओळखून निकाल सांगणार. मात्र आधी आपण वाचून रजिस्टरमध्ये लिहायचं, मग फोटो.

सोबतची नर्स म्हणाली, "आता आपल्याला घरी बसवणार बघ."

"बसवू देत," मी म्हटलं. खरंच तसं वाटत होतं.

पण कामं उलट वाढलीच. जरा सावली पडली की 'पुन्हा फोटो काढा'.

एका मंगळवारी जालन्याकडची एक पहिलटकरीण आली. सातवा महिना, नवरा बिगारी. तिचं सिफिलिसचं कार्ड मी वाचलं, निगेटिव्ह लिहिलं. फोन म्हणाला, पॉझिटिव्ह. कॅमेऱ्याची काच पुसून परत फोटो काढला. परत तेच. वैतागून कार्ड खिडकीशी नेलं, तरी मला एकच रेघ दिसत होती.

"बघ गं, दुसरी दिसतेय का?"

नर्सने लगेच सांगितलं, "आहे ना. पुसट आहे, पण आहे."

मी कार्ड घेऊन डॉक्टर मॅडमकडे गेले. "मला नाही दिसली, मॅडम. फोनला दिसली."

त्या रागावल्या नाहीत. "तिचं रक्त मोठ्या लॅबला पाठवा," म्हणाल्या, आणि मग हळूच, "तुम्ही पण डोळे दाखवून या."

मोठ्या लॅबचा रिपोर्टही पॉझिटिव्ह आला. नवऱ्याचीही तपासणी झाली, दोघांना इंजेक्शनं सुरू झाली. "ताई, बाळाला काही होणार नाही ना?" ती दर वेळी विचारायची. "वेळेत कळलंय," एवढंच मी म्हणायचे.

माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. कधीपासून अंधुक दिसतंय, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं. मला सांगता येईना. विक्रोळीला घरी आले आणि कपडे न बदलताच खाटेवर बसून राहिले. वर्षभरात अशी किती कार्डं माझ्या हातून गेली असतील?

मॅडमना विचारून मी जुनं रजिस्टर काढलं आणि पुन्हा तपासणीला बोलवायला एकेकीला फोन लावले. कितीतरी नंबर बंद होते. कुणी खोली बदललेली, कुणी बाळंतपणाला गावी गेलेली. ज्या आल्या, त्यांच्यात काही निघालं नाही. ज्या आल्या नाहीत, त्यांचं मला आजही माहीत नाही.

त्या पहिलटकरणीला मुलगी झाली, ठणठणीत. लसीकरणाला आली तेव्हा तिने बाळ सरळ माझ्या हातात दिलं. "तुमच्यामुळे वाचली, ताई."

तुझा निकाल मी चुकीचा लिहिला होता गं, हे सांगायला पाहिजे होतं. पण बाहेर रांग होती, मी उभ्या उभ्या थकले होते, आणि ती इतकी खूश होती. "वजन छान आहे हिचं," मी म्हटलं आणि बाळ तिला परत दिलं.

ऑपरेशननंतर मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता मला स्वच्छ दिसतं.