चार घरांचा डोस

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर शिलाईचं दुकान आहे. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत दुकानाची मालकीण. माप घ्यायची टेप तिच्या गळ्यातून उतरलेली मी तरी पाहिलेली नाही, म्हणून सगळे तिला टेपताई म्हणतात. एकदा ती टेपेसकट दवाखान्यात जाऊन बसली, तर एका गृहस्थांनी तिला नर्स समजून आपला नंबर कधी येणार ते विचारलं. तिने लग्न केलं नाही. आईवडिलांची आजारपणं काढता काढता राहून गेलं, असं ती सांगते आणि त्याच दमात विचारते, "बाही कोपरापर्यंतच ना?"

घरात दुसरा जीव म्हणजे बोका. करडा, रुंद डोक्याचा. न शिवलेल्या कापडांच्या ढिगावर बसून तो येणाऱ्या गिऱ्हाइकाकडे असा बघतो, की आपला अर्ज नामंजूर झालाय असं वाटावं. म्हणून त्याचं नाव साहेब.

हा साहेब भांडंभर पाणी एका बैठकीत संपवायला लागला. खाणं तर वाढलेलं, पण अंग उतरत चाललेलं. मग मागचे पाय असे पडायला लागले, की पंजांऐवजी टाचांवर चालतोय. टेपताईने त्याला टोपलीत घालून प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, लघवी तपासली आणि सांगितलं, मधुमेह. आता रोज सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचायचं, घरीच.

"मी टोचायचं?" टेपताईने विचारलं.

"सुईचंच काम आहे की तुमचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. "वहिनी, आयुष्यभर सुईवर पोट भरलं. पण आजवर कुठलं कापड माझ्याकडे बघत नव्हतं."

तिने सराव केला तो खांद्यात घालायच्या फोमच्या पॅडवर, साध्या पाण्याने. दोन दिवस ती गिऱ्हाइकांच्या ब्लाउजांची पॅडं टोचत बसली होती. मानेमागची कातडी चिमटीत उचलायची म्हणजे मध्ये पोकळी होते, त्या पोकळीत सुई घालायची, हे डॉक्टरीणबाईंनी दाखवलं होतं. टेपताईने ते आपल्या भाषेत बसवून घेतलं, "चूण घालायची आणि चुणीच्या पोटात टाका." औषधाची बाटली जोरात हलवायची नाही, तळहातांमध्ये हळूच फिरवायची. आधी खायला द्यायचं, तो खातोय हे डोळ्यांनी बघायचं, मगच टोचायचं. आणि सुई निसटून औषध केसांत सांडलं, तर पुन्हा टोचायचं नाही. किती आत गेलं ते कळत नाही, वर आणखी दिलं तर जिवावर बेतू शकतं.

पहिल्या दिवशी मी साहेबाला धरायला गेले होते. त्याने मान वळवून बघितलंसुद्धा नाही, बशीत तोंड घालून खात राहिला. टेपताईच्या कपाळावर मात्र घाम.

"झालं?" मी विचारलं.

"मला काय विचारता, त्याला विचारा."

एका युनिटने सुरुवात झाली. साखर उतरेना. डॉक्टरीणबाईंनी दोन केलं. तरी ढिम्म. मग तीन. दर खेपेला त्या एक प्रश्न विचारायच्या, "बाहेर कुठे खातो का हा?" आणि दर खेपेला टेपताई मान ताठ करून सांगायची, "माझा साहेब कुणाच्या दारात जात नाही." तिचा तो अभिमान होता. इमारतीतली बाकीची मांजरं उष्ट्यावर जगतात, साहेब आपल्या बशीतलं सोडून कशाला तोंड लावत नाही, हे तिने प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलेलं.

साहेबाची चोरी उघड केली माझ्या सासूबाईंनी, तीही भोळेपणाने. टेपताई माझी साडी फॉल लावून घेऊन वर आली होती. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुझा बोका आज आला नाही. साय काढून ठेवलीय त्याची."

टेपताई साडी हातात धरून उभीच राहिली. "त्याची साय? म्हणजे रोजची?"

"रोज कुठे," सासूबाई म्हणाल्या, "रविवारी माझा लेक घरी असतो ना, तेव्हा नाही येत."

मग एकेक टाका उसवावा तसं सगळं निघालं. आमच्या वर राहणारे पोस्टकाका, म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेले, एकटेच असतात. ते दुपारच्या चहाला साहेबाला समोर बसवून गोड बिस्किटं खायला घालायचे. शेजारची बेकरीवाली केक कापताना निघालेल्या कडा खास त्याच्यासाठी बाजूला ठेवायची. तिच्याकडे त्याचं नाव राजा होतं.

टेपताई भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती एकेका दारात गेली आणि थंड आवाजात म्हणाली, "त्याला साखरेचा आजार आहे. तुम्ही खायला घालता ते विष आहे. उद्यापासून बंद." पोस्टकाका काहीतरी बोलू बघत होते, पण ती जिना उतरूनही गेली. सासूबाई रात्री जेवताना नुसत्या चिवडत होत्या. "मी काय विष घालणारी आहे का गं?" मला म्हणाल्या. मी त्यांच्या ताटात भाजी वाढली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी शब्द पाळला. सासूबाईंनी दार लावून घेतलं, काकांनी बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर ठेवला, बेकरीवालीने कडा केराच्या डब्यात टाकल्या. टेपताईने सकाळी नेहमीसारखं खायला घातलं, नेहमीसारखे तीन युनिट टोचले, साहेबाला मागच्या खोलीत कोंडलं आणि मशीनवर बसली.

जेवणवेळेच्या आधी तिची हाक आली. तिने अशी हाक कधी मारली नव्हती. मी गॅस बंद करून खाली धावले. साहेब फरशीवर वेडावाकडा पडला होता. उठायला जात होता आणि कुशीवर कोसळत होता. डोळे उघडे, पण दिसत काही नसावं. मान एका बाजूला झटके देत होती.

मी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी जास्त विचारलंच नाही. "साखर फार खाली गेलीय. मध असेल तर बोटाने हिरड्यांना चोळा. तोंडात ओतू नका, ठसका लागेल. आणि लगेच घेऊन या."

टेपताईकडे मध नव्हता. मी वर जायला वळले तर जिन्यात सासूबाई बाटली घेऊन उभ्या. हाक त्यांनीही ऐकली होती आणि फोनवर मी मोठ्याने 'मध' म्हटलेलंही. टेपताईने बाटली घेतली, त्यांच्याकडे न बघता. रिक्षात ती एका हाताने साहेबाला मांडीवर धरून दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या हिरड्यांवरून फिरवत होती. टेप मधाने बरबटली होती. तिचं लक्ष नव्हतं.

दवाखान्यात कानाच्या कडेला टोचून थेंबभर रक्त घेतलं. आकडा बघताच डॉक्टरीणबाईंनी ग्लुकोजचं सलाइन लावलं. बऱ्याच वेळाने साहेबाने मान उचलली आणि खोलीकडे नापसंतीने पाहिलं. तेव्हा त्यांनी विचारलं, "काल-आजमध्ये काय बदललं?"

"काहीच नाही. जेवला नीट, डोस तोच."

"काहीच नाही?"

तेव्हा टेपताईने सगळं सांगितलं. साय, बिस्किटं, केक, आणि आजपासून सगळं बंद.

"ताई, तीन युनिट हा चार घरांच्या जेवणाचा डोस होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही एका घराच्या जेवणावर दिलात. खाणं बंद केलंत ते चांगलंच, पण मला फोन करायला हवा होता. डोस खाली आणला असता."

टेपताईने साहेबाचा पंजा हातात घेतला. "जाड स्वेटरवरून माप घेतलं," ती म्हणाली, "आणि मग स्वेटर काढून घेतला. गिऱ्हाइकाने असं केलं असतं तर मी हाकलून दिलं असतं."

डोस पुन्हा एका युनिटवर आला. साहेब घरी आला, पण नवीनच अडचण उभी राहिली. कोंडलेल्या खोलीत तो नीट खाईना. बशी हुंगायचा, दाराशी जाऊन ओरडायचा. दवाखान्यातून बजावलेलं होतं, पोटात अन्न नसेल तर नेहमीचा डोस द्यायचा नाही, आधी फोन. तिने दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असं खाण्याचं रोज वर-खाली झालं तर याची साखर मला धरता येणार नाही. आणि बोका उपाशी राहणं त्याहून वाईट. काहीही करा, पण त्याला जेवायला लावा."

त्या दिवशी टेपताई आमच्या दारात आली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"आजी, तुमच्याकडे खाताना तो काय करायचा?"

सासूबाई रुसलेल्याच होत्या. "मी विष घालायचे ना, मला काय विचारतेस?"

"विचारतेय."

"करायचा काय? मी बोलत बसायचे, तो खायचा. त्याला सोबत लागते. तू बशी ठेवून मशीनवर जाऊन बसतेस."

टेपताईला ते लागलं, दिसलं मला. पण तिने ऐकून घेतलं. "मग उद्या सकाळी खाली याल? साय आणायची नाही. त्याचं मोजलेलं खाणं मी देईन, तुम्ही फक्त बोला."

"माझे गुडघे सकाळी उतरायला तयार नसतात," सासूबाई म्हणाल्या. "संध्याकाळी येईन. सकाळचं त्या पोस्टवाल्याला सांग, तो उठून नुसताच बसलेला असतो."

पोस्टकाकांना सांगायला ती स्वतः वर गेली. काय बोलली माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खाली हजर. दुकानातल्या स्टुलावर बसले आणि साहेबाला वर्तमानपत्रातल्या बातम्या सांगू लागले. साहेबाने आधी त्यांचे खिसे हुंगले. बिस्किटं नाहीत हे पक्कं झाल्यावर त्याने नाइलाजाने बशीत तोंड घातलं. बशी अर्ध्यावर आली तशी टेपताई मागून वाकली.

"टोचणार कधी? मला बघवत नाही," काका डोळे मिटून म्हणाले.

"केव्हाच झालं," ती म्हणाली. "तुम्ही वाचा पुढे, अजून खातोय तो."