वळणावरचा थांबा

साताऱ्यात सायकल म्हणजे अर्धा वेळ ढकलायची वस्तू. चढ आला की उतरायचं आणि हँडल धरून चालू लागायचं. सत्तर सालानंतर शिक्षिकेची नोकरी लागून मी सांगलीला आले, तेव्हा त्या सपाट गावात पहिले काही दिवस मला नुसतं सायकल चालवण्याचंच सुख वाटत होतं. दुसरं फारसं सुख नव्हतं. वडील फौजेतून निवृत्त होऊन वर्षभरातच गेलेले, आई साताऱ्याला भावाकडे. मी तिशीला टेकलेली, बिनलग्नाची बाई. मुलींच्या शाळेपासून मैलभरावर एका घराच्या मागच्या अंगाला खोली मिळाली होती. शाळा सुटली की दुसऱ्या दिवशीच्या हजेरीपर्यंत कुणाशी बोलण्याचा प्रसंगच येत नसे. सकाळी पहिलं नाव पुकारताना कधी कधी आवाज फुटायचा नाही. घसा खाकरून पुन्हा सुरुवात करावी लागे.

शाळेच्या वाटेवर एक वळण होतं. रस्ता तिथं एकदम अरुंद व्हायचा. एका बाजूला घरांच्या पायऱ्या आणि ओळीनं कडुलिंब, दुसऱ्या बाजूला उघडं गटार. गावातल्या बसचा थांबा नेमका त्या वळणावर, गटाराच्या कडेला होता. मागं सरकावं तर गटारात पाय, पुढं सरकावं तर रस्त्यात. गळीत हंगाम सुरू झाला की उसाचे ट्रक याच रस्त्यानं कारखान्याकडे जायचे. मोळ्यांची टोकं दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेली असत. ट्रक वळू लागला की थांब्यावरची माणसं पोट आत घेऊन उभी राहत.

त्या थांब्यापाशीच एकदा माझ्या सायकलची चेन पडली. चेन बसवली, पण दोन्ही हात काळे झाले. शेजारी पांढऱ्या साडीतली एक नर्स बसची वाट पाहत होती. तिनं पिशवीतून कापूस काढला, बाटलीतलं स्पिरिट त्यावर ओतलं आणि काही न विचारता माझा हात धरून पुसायला लागली.

"आवं, असंच शाळंत गेला असता तर पोरी हसल्या असत्या की," ती म्हणाली.

ती आटपाडीकडची. वय माझ्याएवढंच. माझ्या खोलीपासून दोन गल्ल्या सोडून राहायची. बौद्ध घरातली म्हणून तिला चार ठिकाणी खोली नाकारली होती आणि पाचव्या ठिकाणी मिळाली, हे तिनं मला इतक्या सहज सांगितलं की मलाच खाली बघावं लागलं. त्या दिवसापासून आम्ही रोज सकाळी गल्लीच्या तोंडाशी भेटू लागलो. मी सायकलवरून उतरायची आणि थांब्यापर्यंत तिच्याबरोबर चालायची. दहा मिनिटांची वाट. ती घरांच्या बाजूनं, मध्ये सायकल, आणि रस्त्याच्या बाजूनं मी.

"बसा की सायकलवर. माज्यासंगं कशाला चालताय?" ती म्हणायची.

"वेळ आहे अजून," मी म्हणायची.

खरं तर ती दहा मिनिटं हाच माझा दिवसभरातला बोलण्याचा वेळ होता. ती वॉर्डातल्या गमती सांगायची, मी वर्गातल्या. आम्ही एकमेकींना 'सिस्टर' आणि 'बाई' म्हणत असू. नावानं कधी हाक मारली नाही. एकमेकींच्या खोलीवर कधी गेलोही नाही. दोन वर्षं अशी गेली.

पौषातली सकाळ होती. शाळेत तपासणी होती आणि मला लवकर पोचायचं होतं. ती गल्लीच्या तोंडाशी उभी होती. मी उतरले नाही. पाय न टेकताच म्हणाले, "आज तपासणी आहे, पुढं जाते."

"जावा, जावा. उशीर हुईल," ती म्हणाली.

शाळेत पोचून मी फळ्यावर तारीख लिहीत होते, तेवढ्यात शिपाई दारात आला. वळणावर ट्रकनं एका नर्सला पाडलंय म्हणाला. मी खडू हातात घेऊनच निघाले. मी पोचेपर्यंत तिला नेलं होतं. थांब्यापाशी लोक सांगत होते ते एवढंच, की ती थांब्याकडे चालत येताना उसाचं टोक तिच्या पिशवीच्या बंदात अडकलं, ती ओढली गेली आणि मागचं चाक पावलावरून गेलं. ड्रायव्हरला काही कळलंच नाही. तो पार पुढच्या चौकात थांबला.

दवाखान्यात मी तिला तीनदा भेटले. पाऊल वाचलं, पण घोट्याचं हाड नीट जुळणार नव्हतं. उभं राहून करायची नोकरी आता जमणार नाही, हे तिला डॉक्टरांच्या आधी कळलं असावं. मी खुर्चीवर बसून राहायची. "मी त्या दिवशी उतरले असते तर" हे वाक्य दर वेळी ओठांवर यायचं आणि मी ते गिळायची. चौथ्यांदा गेले तेव्हा खाट रिकामी होती. भाऊ येऊन तिला आटपाडीला घेऊन गेला होता.

त्याच आठवड्यात मी पहिला अर्ज लिहिला. थांबा वळणावरून हलवून शाळेच्या भिंतीपाशी न्यावा. तिथं रस्ता सरळ आहे, उभं राहायला जागा आहे. गटारावर फरशी टाकावी. शाळा भरताना आणि सुटताना उसाच्या गाड्या दुसऱ्या रस्त्यानं न्याव्यात. तीन मागण्या, स्वच्छ अक्षरात. नगरपालिकेच्या कचेरीतल्या कारकुनानं अर्ज उलटसुलट करून पाहिला.

"तुम्ही यांच्या कोण?" अर्जातल्या नर्सच्या नावावर बोट ठेवून त्यानं विचारलं.

मी त्या नावाकडे बघितलं. शेवटी म्हणाले, "आम्ही एका रस्त्यानं जात होतो."

त्यानं शिक्का मारून अर्ज ठेवून घेतला. पुढं मी दर पंधरवड्याला जाऊ लागले. शाळेत सह्या मागितल्या तेव्हा दोघींनी केल्या, बाकीच्यांनी घरी विचारून सांगतो म्हटलं. मुख्याध्यापिका चांगल्या होत्या, पण त्याही म्हणाल्या, "बाई, एकट्या राहता तुम्ही. कशाला डोळ्यांवर येता?"

कचेरीतल्या साहेबांनी एकदा पुरावा मागितला. मग मी आठवडाभर रोज सकाळी वळणावर वही घेऊन उभी राहिले. कोण चालत जातं, कोण सायकलवर, किती जण बससाठी थांबतात, सगळं लिहून काढलं. बहुतेक माणसं चालणारीच होती. डोक्यावर बुट्टी घेतलेल्या बाया, सायकलला दुधाचे कॅन बांधलेले गवळी, हातात हात घालून जाणाऱ्या मुली, काठी टेकत देवळाकडे निघालेले म्हातारे. ट्रक मोजकेच. पण रस्ता त्या ट्रकांचा होता आणि बाकी सगळे त्याच्या कडेनं अंग चोरून चालले होते. इतकी वर्षं मीही तशीच चालत होते आणि मला ते दिसलं नव्हतं. लोक माझ्याकडे बघत जायचे. एक म्हातारी जवळ येऊन म्हणाली, "कुणाची वाट बघतीयास बाळ? यायचं न्हाई वाटतं ते."

वही मी साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती खरंच वाचली. माझा आदरही केला, चहा मागवला. "तुमचं म्हणणं रास्त आहे," ते म्हणाले. "रस्ता अरुंद आहे म्हणून अपघात होतात. रुंद करून टाकू."

"साहेब, मी रुंद करा म्हटलेलं नाही. थांबा हलवा म्हटलंय."

"रस्ता रुंद झाला की सगळंच सुटेल, बाई."

उन्हाळ्यात एके सकाळी वळणावरच्या घरांवर चुन्याचे पट्टे ओढलेले दिसले. पायऱ्या फोडल्या. कडुलिंब तोडले. गटार होतं तिथंच, तसंच उघडं राहिलं. थांब्याची पाटीही जागची हलली नाही. पुढच्या हंगामात ट्रक त्या वळणावर आधी जेवढे हळू व्हायचे तेवढेही होईनात.

माझ्या घरमालकिणीची नणंद त्या वळणावर राहत होती. तिचीही पायरी गेली होती. घरमालकीण पाण्याच्या नळावर मला म्हणाली, "तुमच्या अर्जानं आमच्या घरादाराची उंबऱ्यापर्यंत सालं निघाली. त्या नर्सचं काय व्हायचं ते होऊन गेलं होतं. आमचं कशाला केलंत?"

मी समजावून सांगायला गेले, पण तिनं घागर उचलली. त्या वर्षी संक्रांतीला मला गल्लीतून कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. मी हौशी बाई नव्हते. बोलावलं तर कंटाळा करायची. पण त्या संध्याकाळी शेजारच्या दारात चपलांचा ढीग पडलेला होता, आतून हसण्याचे आवाज येत होते आणि मी वह्या तपासायला घेतल्या होत्या. एकाच पोरीची वही तिसऱ्यांदा वाचते आहे, हे माझ्या लक्षात आलं आणि मी दिवा लावायला उठले.

सायकल मात्र मी वळणापाशी उतरूनच नेत राहिले. आता शेजारी कुणी नसायचं.

एका सकाळी मागचं चाक पंक्चर झालं म्हणून मी बसनं निघाले. पुढच्या बाकावर बसले होते. ड्रायव्हर मिरजेकडच्या खेड्यातला, मिशा पिकलेला माणूस. वळण आलं तसं त्यानं हॉर्नवर हात दाबून धरला.

"हितं गाडी थांबवायची म्हटलं की आदी आरशात मागं बघावं लागतंय," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "मागनं ट्रक आला की लोकं चढायची कुठनं?"

मी म्हणाले, "मग पुढं शाळेच्या भिंतीपाशी का थांबवत नाही?"

"पाटी हितं हाय नव्हं."

"पाटी हलावी म्हणून मी दीड वर्ष अर्ज करते आहे."

त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं. "ती वहीवाली बाई तुमीच व्हय?" मग गिअर बदलून त्यानं वळण घेतलं. शाळेपाशी मी उतरताना म्हणाला, "पाटी हलवणं माज्या हातात न्हाई. ब्रेक हाय."

दुसऱ्या दिवशी त्यानं बस वळणावर थांबवलीच नाही. सरळ शाळेच्या भिंतीपाशी नेऊन उभी केली. थांब्यावरची माणसं ओरडत मागून पळत आली, शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशीही तसंच. आठवड्यानं निम्मी माणसं भिंतीपाशी उभी राहू लागली, आणि महिन्याभरात सगळीच. त्याचं बघून दुसऱ्या पाळीचा ड्रायव्हरही तिथं थांबायला लागला. वळणावर पाटी आणि पाटीखाली कुणीच नाही, असं बरीच वर्षं चाललं. गटारावर फरशी पुढं कधीतरी पडली. त्यात माझ्या अर्जांचा किती भाग होता, मला माहीत नाही.

मला वाटलं, हे तिला सांगायला हवं. मे महिन्याच्या सुट्टीत मी आटपाडीची गाडी धरली. विट्याच्या पुढं ऊस संपला आणि बाभळी सुरू झाल्या. घर शोधायला वेळ लागला नाही. 'लंगडणाऱ्या सिस्टर' म्हटल्यावर लोकांनी बोट दाखवलं. ती अंगणात एका बाईला तिच्या मुलाला पाजायचं औषध समजावून सांगत होती. मला बघून उठायला गेली आणि दाराची चौकट धरून उभी राहिली.

तिनं पाणी दिलं, चहा केला. गावातल्या बायका बाळंतपणाला तिला बोलावतात, बसून करता येतं तेवढं ती करते, असं म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं. अर्ज, वही, कडुलिंब, ड्रायव्हर. आणि शेवटी, इतके दिवस गिळलेलं ते वाक्यही सांगितलं. मी त्या दिवशी सायकलवरून उतरले नाही, हे.

"ते व्हय," ती म्हणाली. "ते माज्या मनात कवाच आलं न्हाई. तुमी असता तर तुमी पडला असता. बाहीरनं तुमीच चालत हुता." मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "मला राग आला त्यो दुसऱ्याच गोष्टीचा. हितं मी वर्षभर घरात बसून हुते. पोस्टमन दारावरनं जायचा. तुमी कचेरीला एवढी पत्रं लिवली बाई, मला एक लिवायचं हुतं."

मी मान खाली घातली. त्या दीड वर्षात मी तिच्याबद्दल इतकं लिहिलं होतं. तिचं वय, तिची नोकरी, तिचा घोटा, सगळं तीन-तीन प्रतींत. आणि आटपाडीत ती दुपारच्या वेळी अंगणाकडे कान लावून बसत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला वाटत होतं, एकटी मीच आहे.

"मला लाज वाटत होती," मी म्हणाले.

"लाजनं पत्र थांबतंय व्हय?" ती म्हणाली आणि हसली. मग भाकरी टाकायला चुलीपुढं पाय लांब करून बसली. मी शेंगा सोलत बसले.

पुढच्या वर्षी आमच्या संस्थेनं मला साताऱ्याच्या शाळेत पाठवलं. तिथंही शाळेसमोरच्या उतारावर गाड्या सुसाट येत, आणि तिथंही मी अर्ज लिहायला लागले. उतारावर आडवा उंचवटा घालून मिळाला, पायऱ्यांना कठडा मिळाला, बाकी बरंच मिळालं नाही. गावात मला 'अर्जवाल्या बाई' म्हणू लागले. काही आपुलकीनं म्हणत, काही नाही. संध्याकाळी खोलीवर आले की तोच स्टोव्ह, तोच एक कप. त्यात काही फरक पडला नाही. आई होती, भाऊ होता, पण ते त्यांच्या घरी.

रविवारी सकाळी मात्र मी आटपाडीला कार्ड लिहायला बसायची. त्यात विशेष काही नसायचं. वर्गात कोण पडलं, चढावर कुणाला धाप लागली, पाऊस किती झाला. तिचं उत्तर महिन्यातून एखादं यायचं, पेन्सिलीनं, मोठ्या वाकड्या अक्षरात. तेवढ्यानं भागायचं, असं मी म्हणणार नाही. पण रविवारची मी शनिवारपासून वाट बघायची.