आवाजबंद खोलीतलं पोट

माझी ताई कानाच्या दवाखान्यात बावीस वर्षं लहान मुलांचे कान तपासते. आवाजबंद खोली, वीतभर जाड दार, आत ती आणि मूल. ती स्पीकरमधून बारीक आवाज सोडणार, मुलाने ऐकला की हात वर करायचा. त्या खोलीत टाचणी पडली तरी कळते, आणि ताईचं पोट तर सारखं गुरगुरायचं. मुलं स्पीकर सोडून तिच्या पोटाकडे बघत हात वर करायची.

"आणखी एक तपासणी बिघडली तर दुसरी बाई बघतो," दवाखान्याचे साहेब म्हणाले. बावीस वर्षांनी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी सल्ल्यांना काय तोटा? भावोजी जेवल्यावर खुशाल मांडी उचलून मोकळे होतात, वर सगळे हसतात. ताईने मात्र दिवसभर कळा सोसत दाबून धरायचं, कारण ती बाईमाणूस! त्यांनीच तिला रोज बाटलीभर सोडा पाजला. ढेकर आला की म्हणायचे, "बघ, निघाला ना गॅस!" अहो, बाटलीतलाच निघाला! त्यात भूक मारायला ती च्युइंगम चघळायची.

शेवटी मीच तिला पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. त्यांनी आधी विचारलं, "जेवायला किती वेळ लागतो?"

"पाच मिनिटं. उभ्यानेच. बाहेर रांग असते."

"मग घासाबरोबर हवाही गिळताय. सोडा आणि च्युइंगम बंद. बसून, नीट चावून जेवा. गॅस आला की धरून बसू नका, बाहेर जाऊन या. वजन घटलं किंवा शौचातून रक्त गेलं, तर मात्र लगेच या."

दुसऱ्या दिवशी ताईने जेवायला अर्धा तास मागितला. मी सोबत होते, भांडायच्या तयारीनेच.

"मीसुद्धा उभ्याउभ्या चार घास कोंबतो," साहेब म्हणाले. "मला काही होतं का?"

ताई वाद घालत बसली नाही. तिने साहेबांना आवाजबंद खोलीत नेऊन बसवलं आणि दार लावून घेतलं. मी दारातल्या छोट्या काचेतून बघत होते. मला बाहेर अर्थातच काही ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने साहेबांनी हळूच पोटावर हात दाबला.

ताईने हात वर केला.

मग पुन्हा एकदा केला.

आता दारावर पाटी आहे, दीड ते दोन तपासणी बंद. साहेबांनी ती स्वतः लावली. माफी मात्र अजून मागितलेली नाही, आणि मी ते विसरलेले नाही.