मालतीबाईंच्या भिंतीवरून धुराडं

डिंडोलीत आमच्या समोर पुष्पाबाई राहतात, धुळ्याकडच्या. खापरावरचे मांडे करून विकतात. म्हणजे पुरणपोळीच, पण लाटायची नाही, दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत मोठी करायची आणि उलट्या मातीच्या खापरावर टाकायची. खाली लाकडाची चूलच लागते. गॅसवर बघितलं त्यांनी करून, मधे जळतं, कडा कच्च्या राहतात.

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवड्यावर आली आणि सगळं बिघडलं. शेजारच्या मालतीबाईंनी मजला चढवला, त्यांची भिंत पुष्पाबाईंच्या धुराड्याच्या वर गेली. आता दुपारचा वारा सुटला की धूर भिंतीला आपटून थेट वरच्या नव्या खिडकीत. तिथे त्यांची सून हर्षदा, बाळंतीण. बाळ खोकायला लागलं. मालतीबाई गल्लीत उभ्या राहून खूप बोलल्या, आणि शेवटी म्हणाल्या, "तुमच्या मांड्यांपायी लेकरू धुरात ठेवू का?"

पुष्पाबाईंनी आत जाऊन पेटत्या चुलीवर पाणी ओतलं. मला रडूच आलं एकदम. अखाजीला पहिला मांडा त्या विकत नाहीत, त्यातला घास निखाऱ्यावर नवऱ्याच्या, निंबाकाकांच्या नावाने टाकतात. ते गेल्यापासून एकदाही चुकलं नाही. आता निखाराच कुठून येणार?

त्यांचे दीर भिकनकाका पांडेसऱ्यात मिलच्या बॉयलरवर आहेत. त्यांनी बघून सांगितलं, पाइप वाढवा, भिंतीच्या डोक्याच्याही वर न्या, धूर आपोआप ओढला जाईल. पण एवढा उंच पाइप मोकळा उभा राहणार नाही, मालतीबाईंच्या भिंतीला क्लॅम्प मारावे लागतील. भिंतीला कालच पिस्ता रंग दिलेला.

"त्या भितले मी हात नही लावाव," पुष्पाबाई म्हणाल्या. विषय संपला.

मग भिकनकाकांनी पाइपाला आडवा बाक देऊन तो गल्लीकडे वळवला. चूल पेटवली तर धूर पुढे जाईचना, सगळा मागे घरात. पुष्पाबाई डोळे पुसत पुसत बाहेर आल्या, आणि ओट्यावर बसून पुरणाचं पातेलं मला देऊन टाकायला निघाल्या. घरी घेऊन जा, म्हणे, पोळ्या करा. मी काही घेतलं नाही.

वरून हर्षदा सगळं बघत होती. बाळाला खांद्यावर घेऊन तिने खिडकीतूनच भिकनकाकांना विचारलं, की क्लॅम्प खिडकीच्या या बाजूला मारला तर चालेल का. मालतीबाई मागेच उभ्या होत्या. आम्हाला वाटलं आता परत सुरू होणार. पण त्यांनी फक्त पाइपाच्या आड येणारी कपडे वाळत घालायची दोरी सोडली आणि म्हणाल्या, "ड्रिल सांभाळून. पोपडे काढाल माझे."

संध्याकाळपर्यंत पाइप सरळ उभा राहिला, भिंतीच्या वर चांगला दोन हात. चूल पेटली. जाळ असा आत ओढला गेला की खापर चारही बाजूंनी तापलं. तरी पुष्पाबाई हातात पुरणाचा उंडा घेऊन नुसत्या वर बघत बसल्या. वारा होताच. मालतीबाई खिडकीत तोंड काढून हुंगत होत्या, कितीतरी वेळ.

शेवटी त्या म्हणाल्या, "अहो, टाका की मांडा. नुसती लाकडं काय जाळताय? बाळ झोपलंय."