पाचाच्या नोटेचा नंबर

ते प्रकरण आठवलं की माझं डोकं आजही चक्रावतं. नव्वदच्या आसपास मी पनवेलला फौजदार होतो. एके सकाळी हजेरीच्या वेळी आमचे हवालदार खबर घेऊन आले. बाजारातल्या एसटीडी-आयएसडी बूथवर कामोठ्याकडच्या बायका येतात, आखाती देशात नोकरीला गेलेल्या नवऱ्यांना फोन लावतात आणि ओरडून ओरडून आकडे सांगतात.

"मटका, साहेब! दुसरं काय?" हवालदार म्हणाले.

मलाही तेच वाटलं. पण मटक्याचा आकडा फार तर तीन अंकी, हे आकडे सहा अंकी. शिवाय परदेशातल्या नवऱ्याला विचारून मटका कोण लावतं? तरी पाळत ठेवली आणि एका बाईला महिला शिपायाकरवी ताब्यात घेतलं. झडतीत रुमालाला बांधलेली पाचाची एकच नोट मिळाली. फोनवरचा आकडा हा त्या नोटेचाच नंबर होता. पंचनामा केला, नोट पाकिटात घालून लाखेचं सील लावलं.

"आकडा कोणाकडे लावतेस?" मी दरडावलं.

ती रडली नाही, उलट चिडली. "आकडा कसला सायेब? माजी नोट द्या. मला आत टाका, पन नोट माज्या सासूकडं द्या. उद्या पोरीचं आपरेशन हाय!"

तासभर मी तेच विचारत होतो आणि ती नोटच मागत होती. पाच रुपयांसाठी एवढा आटापिटा कशाला, काही कळेना. शेवटी वैतागून माझ्या खिशातली पाचाची नोट काढून तिच्यापुढे ठेवली. "ही घे आणि बोल."

"ही नाय चालत. नंबर त्या नोटेचा सांगितलाय."

तेव्हा कुठे उलगडा झाला. नवरा तिकडे एका माणसाकडे पगार भरायचा आणि हिने फोनवर सांगितलेला नोटेचा नंबर त्याला द्यायचा. दुसऱ्या दिवशी पनवेलच्या एका घड्याळाच्या दुकानात त्या नंबरची नोट दाखवली की रुपये हातात.

"बँकेचा ड्राफ्ट का नाही मागवत?"

"ड्राफ्ट वटाया महिना लागतो, वर कमिशन कापतात. पोरगी थांबंल का महिनाभर?"

म्हणजे हवाला; परकीय चलनाच्या कायद्याने हा सरळ गुन्हा. पण फिर्यादी नाही, फसलेलं कोणी नाही आणि मुलीचं ऑपरेशन माझ्या सीलबंद पाकिटात. मी पुरता घोळात पडलो. अखेर स्टेशन डायरीत लिहिलं, मटक्याशी संबंध आढळला नाही, मुद्देमाल परत. ते खोटं नव्हतं. सील फोडून नोट तिच्या हातात दिली.

मुलगी बरी होऊन घरी आली, मगच मी दुकानाचा अहवाल वर पाठवला. दोन्ही बाजू सांभाळल्या म्हणून स्वतःवर खूश होतो, मूर्खासारखा! छापा पडला, दुकानाला कुलूप लागलं.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्याच्या पायरीवर तीन बायका बसल्या होत्या. तिघींच्या मुठीत एकेक नोट.

"सायेब, पैशे तिकडं भरलेत. आता ही नोट कुनाला दाखवू?"

तक्रार लिहून घ्यावी तर त्याच आरोपी ठरणार. फसलेलं कोणी नाही असं मी म्हणत होतो, आता माझ्यामुळेच तिघी फसल्या होत्या. एखादी वाट बंद करण्याआधी तिच्यावरून कोण चाललंय ते बघावं, एवढं त्या दिवशी शिकलो. त्या वेळी मात्र मी एकीच्या हातातली नोट घेतली, नंबर वाचला आणि तिला परत दिली.